नागरी वस्ती आणि रक्तदाब, मधुमेह व स्थूलता : ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या निमित्ताने

रक्तदाब, मधुमेह आणि स्थूलता हे तीन विकार आरोग्यविषयक अहवालांत तीन निरनिराळ्या रकान्यांत मोजले जातात. त्यामुळे अभ्यासकाच्या मनातही ते तीन स्वतंत्र प्रश्न म्हणून नांदू लागतात. वस्तुतः पुष्कळदा हे तिन्ही रकाने एकाच माणसाचे असतात. कमरेचा घेर वाढलेला, रक्तातील शर्करा किंचित चढलेली आणि रक्तदाब मर्यादेच्या काठावर असलेला चाळिशीतला गृहस्थ कोणत्या रकान्यात घालावा, हा केवळ गणनेचा प्रश्न नव्हे. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले होते. जन्माबरोबर आलेले काय आणि राहणीतून ओढवलेले काय, हा भेद आजही या विषयाच्या मुळाशी आहे. मात्र एकाच देहात हे दोन्ही एकत्र कसे येतात, याचा उलगडा गेल्या तीन-चार दशकांतच होऊ लागला आहे. प्रस्तुत लेखात तो उलगडा ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या वस्तीला लावून पाहण्याचा विचार आहे.

ही निवड सोयीसाठी केलेली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. परंतु या गावांची महानगरे झाली ती त्यानंतर शंभर वर्षांनी. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना होऊन वागळे इस्टेटचा विस्तार सुरू झाला, पुढे डोंबिवलीतही कारखाने आले. ठाण्यास १९८२ मध्ये आणि कल्याणास १९८३ मध्ये महानगरपालिका मिळाली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८,४१,४८८ आणि कल्याण-डोंबिवलीची १२,४७,३२७ भरली. इतकी वाढ केवळ जननप्रमाणाने होत नसते. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, उत्तर भारतातून माणसे आली. गिरगाव, दादर, परळ येथील दोन खोल्यांत मावेनाशी झालेली कुटुंबे आली. १९८२ च्या गिरणी संपानंतर विस्कटलेल्या कामगारवस्तीतूनही पुष्कळ आली. आजही येथील साठी ओलांडलेल्या रहिवाशाला ‘गाव कोणते?’ असे विचारले, तर उत्तरात क्वचितच डोंबिवलीचे नाव येते. राजापूर, देवगड, पाटण, चाळीसगाव अशी उत्तरे येतात.

याला एक अपवाद आहे, आणि तोही बोलका आहे. खाडीकाठच्या व आतील गावांतील आगरी व कोळी समाज येथला मूळचा. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी ही त्याची उपजीविका. त्याच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि दोन पिढ्यांत त्याची अंगमेहनत सरली. स्थलांतर न करताच हा समाज शहरात आला. किंबहुना शहरच चालत त्याच्या दारी आले. पुढे जे विवेचन येईल ते बाहेरून आलेल्यांइतकेच त्यालाही लागू आहे.

आता आकडे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने केलेल्या बहुकेंद्री पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत २.१ टक्के व खेड्यांत १.५ टक्के आढळले होते. याच परिषदेच्या ‘इंडिऍब’ या राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांत महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के होते. २०२३ साली सर्व राज्यांचे एकत्रित निष्कर्ष आले. सुमारे १ लाख १३ हजार प्रौढांच्या या पाहणीत मधुमेह ११.४ टक्के, रक्तदाबाचा विकार ३५.५ टक्के, सर्वांगीण स्थूलता २८.६ टक्के आणि उदरस्थूलता ३९.५ टक्के अशी प्रमाणे दिली आहेत. मधुमेहापुरता नागरी-ग्रामीण भेद पाहिला तर नागरी १६.४ व ग्रामीण ८.९. मुंबई महानगरपालिकेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीतही सुमारे एकतृतीयांश प्रौढांत रक्तदाबाचा विकार दिसून आला.

२.१ वरून १६.४ ही झेप डोळे दिपविणारी आहे, आणि म्हणूनच ती जपून वाचली पाहिजे. दोन पाहण्यांत निदानाची पद्धत, वयोमर्यादा आणि नमुन्याची निवड वेगळी आहे. शिवाय मध्यंतरी लोकांचे आयुर्मान वाढले आणि उपचारांमुळे मधुमेही माणूस अधिक काळ जगू लागला. जो जगतो तोच पाहणीत मोजला जातो. म्हणजे आकड्यातील काही वाढ ही एका अर्थी वैद्यकाच्या यशाचीही खूण आहे. हे सारे वजा केले तरी खरी वाढ मोठी उरते, यात संशय नाही. तथापि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ‘पन्नास वर्षांत आठपट’ अशी वाक्ये जेव्हा आढळतात तेव्हा लेखणी थांबविणे प्राप्त होते.

अशीच सावधगिरी राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीच्या बाबतीतही हवी. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत रक्तदाब वाढलेल्यांचे प्रमाण स्त्रियांत २१.३ व पुरुषांत २४ टक्के आहे, ‘इंडिऍब’च्या ३५.५ शी ते जुळत नाही. कारण एका पाहणीत पंधरा वर्षांवरील, तर दुसरीत वीस वर्षांवरील लोक मोजले आहेत. शर्करेच्या बाबतीत तर पद्धतच भिन्न आहे. कुटुंब-आरोग्य पाहणीत दिवसाच्या कोणत्याही वेळी बोटातून रक्ताचा थेंब घेतात. ‘इंडिऍब’मध्ये ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा तपासणी होते. पहिली संशय दर्शविते, दुसरी निदानाच्या जवळ जाते. दोहोंचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडणे म्हणजे शेर आणि किलो एकाच तागडीत घालण्यासारखे आहे.

या सर्व आकड्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा मात्र निराळाच आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेचे प्रमाण २०२३ च्या निष्कर्षांत नागरी भागात १५.४ आणि ग्रामीण भागात १५.२ टक्के आहे. येथे शहर आणि खेडे यांतील भेद जवळजवळ पुसला गेला आहे. रोगाची तयारी खेड्यातही तितकीच आहे. शहर तिला पूर्णत्वास नेते. ही तयारी कोठून येते?

त्याचे उत्तर शोधण्याचे जगातील एक अग्रगण्य कार्य महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भधारणेपूर्वीपासून अभ्यास आरंभिला. ब्रिटनमध्ये डेव्हिड बार्कर यांनी, जन्मतः वजन कमी असलेल्या मुलांना उतारवयात हृदयविकार अधिक होतो, असे १९८९ साली दाखविले होते. त्याची छाया या कार्यावर होती. पुण्याच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. इथपर्यंत आश्चर्य काही नाही. आश्चर्य पुढे आहे. वजनात, उंचीत, स्नायूंत, पोटातील अवयवांच्या आकारात आपले बालक मागे होते. त्वचेखालील मेदात मात्र ते फारसे मागे नव्हते. उपाशी गर्भाने स्नायू सोडला, मेद राखला. दिसायला कृश आणि आतून मेदस्वी असे हे बालक वैद्यकीय वाङ्मयात २००३ पासून प्रसिद्ध झाले. त्याच्या पाठीशी आईची शेतावरील मेहनत, अपुरा आहार, आणि जीवनसत्त्व ब-१२ ची न्यूनता अशी कारणांची मालिका आहे. ब-१२ ची न्यूनता केवळ गरिबांची नव्हे. याच गटाने पुणे परिसरातील पुरुषांची तपासणी केली तेव्हा शहरी मध्यमवर्गीयांपैकी ८१ टक्के पुरुषांत ती आढळली.

प्रौढपणी या ठेवणीचे काय होते, याचे एक गमतीचे चित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. जॉन युडकिन हे दोघे शेजारी उभे आहेत. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक, २२.३ आहे. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के. वजनकाट्याने ज्यांना समान ठरविले त्यांना देहाने दुप्पट अंतरावर ठेवले होते. म्हणूनच भारतीयांसाठी अतिवजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ आणि स्थूलतेची ३० ऐवजी २५ धरावी, तसेच कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा, असे भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ठरविले. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व ६५ किलो वजनाच्या गृहस्थाचा अंक २३.९ येतो. पाश्चात्त्य मापाने तो निर्दोष आहे, आपल्या मापाने अतिवजनी. घरचे लोक त्याला ‘अंगाने बेताचाच’ म्हणतात, आणि तोही स्वतःला स्थूल मानीत नाही.

देहांतर्गत व्यापार थोडक्यात असा. जेवणातील पिष्टाचे ग्लुकोज होऊन ते रक्तात येते. त्याला पेशींत शिरण्यास मदत करणारे इन्सुलिन स्वादुपिंडातील बीटा पेशी स्रवतात. या ग्लुकोजचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. ज्याचे कोठार जन्मापासूनच लहान आहे आणि जो ते वापरून रिकामेही करीत नाही, त्याच्या रक्तात शर्करा रेंगाळते. उरलेले यकृतात व पोटाच्या पोकळीत मेदरूपाने साठते. तो मेद इन्सुलिनची हाक पेशींना ऐकू येऊ देत नाही. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवून काही वर्षे तोल सांभाळते. बीटा पेशींची शिल्लक संपत आली की तोल जातो. या सांभाळण्याच्या वर्षांतच रक्तदाबाचे बी रुजते. वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते, अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित राहते, आणि कमी वजनाने जन्मलेल्या व्यक्तीच्या मूत्रपिंडात गाळण्या मुळातच कमी असल्याने मिठाचा भार तिला लवकर जाणवतो. तिन्ही रकाने एकाच माणसाचे का असतात, याचा हा खुलासा होय.

कमी वजनाने जन्मणे म्हणजे रोग नव्हे, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. दिल्लीतील जन्मगटाचा जो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात १४९२ तरुण प्रौढांची बालपणापासूनची मोजमापे उपलब्ध होती. ज्यांना पुढे शर्करेचा विकार जडला ती मुले बालपणी लठ्ठ नव्हती. पहिल्या दोन वर्षांत ती कृश होती. त्यानंतर बारा वर्षांपर्यंत आपल्या समवयस्कांच्या तुलनेत त्यांचे वजन वर सरकत गेले. घातक ठरते ते हे सरकणे. आणि ज्याला आपण स्थलांतर म्हणतो, ते पुष्कळदा अशा सरकण्याचेच सामाजिक रूप असते.

स्थलांतराचा परिणाम वेगळा काढून पाहणे कठीण असते. कारण गाव सोडणारा आणि गावी राहणारा हे मुळात वेगळ्या घरांतले असू शकतात. ही अडचण एका अभ्यासाने फार सुरेख रीतीने सोडविली. लखनौ, नागपूर, हैदराबाद व बंगळूर येथील कारखान्यांत काम करणारे स्थलांतरित, त्यांचे पतिपत्नी, आणि खेड्यात राहिलेली त्यांची सख्खी भावंडे यांची तुलना करण्यात आली. निष्कर्ष २०१० मध्ये आले. पुरुषांत स्थूलतेचे प्रमाण खेड्यातील भावंडांत १९ टक्के, स्थलांतरितांत ३७.८ आणि जन्मतः शहरी असलेल्यांत ४१.९. मधुमेहाचे अनुक्रमे ६.२, १४.३ आणि १३.५. एकाच आईची दोन मुले. एक गावी, एक कारखान्याच्या गावात. आणि दुसऱ्याचा धोका पहिल्याच्या दुपटीहून अधिक. वंशाला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

कल्याण-डोंबिवलीत या दुसऱ्या भावाचा दिवस कसा जातो? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४ किलोमीटर. जलद गाडीलाही कल्याणहून तासाभराहून अधिक लागतो. घर ते स्थानक, फलाटावरची प्रतीक्षा, पुढे कचेरीपर्यंतचा टप्पा धरला तर जाण्यायेण्यात चार तास सहज मोडतात. वर्षाचे २९० कामाचे दिवस धरले तर ११६० तास झाले, म्हणजे अठ्ठेचाळीस अहोरात्र. हा वेळ कोठून तरी वजा होतो, आणि तो प्रथम झोपेतून व व्यायामातून होतो. पहाटे उठून डबा, सात-साडेसातची गाडी, सायंकाळी स्थानकाबाहेर उभ्याने वडापाव किंवा भजी, रात्री साडेनऊ-दहाला पूर्ण जेवण आणि लगेच अंथरूण. इन्सुलिनचे कार्य रात्री मंदावते, आणि दिवसाचा मोठा पिष्टमय आहार नेमका तेव्हाच पोटात पडतो. गाडीत लोंबकळत उभे राहणे हा व्यायाम आहे, असे काही प्रवासी विनोदाने म्हणतात. त्यात स्नायू आखडतात हे खरे; शर्करा फारशी खर्च होत नाही, रक्तदाब मात्र वाढतो. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या दिवसाच्या दोन्ही टोकांना स्वयंपाकघर जोडलेले असते, हे वेगळे सांगावयास नको.

आहाराबद्दल पुष्कळ लिहिले जाते आणि त्यात नैतिक उपदेशाचा भाग अधिक असतो. लोक अचानक खादाड झाले, असा निष्कर्ष पाहण्यांतून निघत नाही. ‘इंडिऍब’च्या २०२५ मधील आहारविषयक निष्कर्षांनुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून, आणि त्यातही सडलेला पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये व साखर यांतून येतात. कोकणातल्या शेतकऱ्याचे ताट याहून फार निराळे नव्हते. मात्र ते नांगर धरणाऱ्याचे ताट होते. ताट बऱ्याच अंशी तेच राहिले आणि नांगर सुटला. भर पडली ती तेलाची, फरसाणाची आणि मिठाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅम मिठाची मर्यादा सांगते; भारतीयांचे सेवन त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. लोणचे, पापड, सुकी मासळी आणि पाकिटातले खारे पदार्थ यांचे मीठ मोजताना गृहिणीच्या ध्यानात येत नाही, कारण ते तिने घातलेले नसते.

हे श्रीमंतांचे रोग आहेत, हा समज आता सोडला पाहिजे. ‘इंडिऍब’च्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या नागरी भागांत निम्न आर्थिक स्तरातील लोकांतच मधुमेहाचे प्रमाण अधिक दिसून आले. घोडबंदर मार्गावरील संकुलांत चालण्यासाठी फरसबंद वाट आहे, तळमजल्यावर व्यायामशाळा आहे. मुंब्रा, दिवा किंवा लोकमान्यनगर येथील चाळीत राहणाऱ्यास चालावयाचे तर रिक्षांच्या मधून चालावे लागते. ज्ञान दोघांनाही सारखेच मिळाले असे धरले, तरी ते आचरणात आणण्याची जागा सारखी नाही.

जिल्ह्याच्या सरासरीने हा भेद झाकला जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व भिवंडी यांच्याबरोबर मुरबाड आणि शहापूर हे तालुके आहेत. शहापूरच्या आदिवासी पाड्यावरील कुपोषित बालक आणि नौपाड्यातील स्थूल बालक यांची सरासरी काढली तर एक निरोगी बालक तयार होते. ते जिल्ह्यात कोठेही राहत नाही. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. येऊरच्या डोंगरावरील पाडे ठाणे शहराच्या हद्दीतच आहेत. आणि आज शहापूरच्या पाड्यावर अडीच किलोहून कमी वजनाने जन्मलेली मुलगी वीस वर्षांनी कल्याणात कामाला आली, तर वर सांगितलेली सारी यंत्रणा तिची वाट पाहत असणार आहे.

उपचाराचा प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या अवघड नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या जुन्या, परिचित व स्वस्त आहेत. २०१७ साली पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण व महाराष्ट्र या पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या भारतीय रक्तदाब-नियंत्रण उपक्रमाने साध्या ठरावीक उपचारक्रमावर, औषधांच्या अखंड पुरवठ्यावर आणि प्रत्येक रुग्णाच्या नोंदीवर भर दिला. मोठ्या तज्ज्ञावाचून प्राथमिक केंद्रातही रक्तदाब काबूत येतो, हे त्यातून दिसले. अडचण आहे ती काळवेळेची. सार्वजनिक रुग्णालयांचा बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळी चालतो. ज्याची गाडी साडेसातची आहे, त्याने दरमहा गोळ्यांसाठी एक दिवसाचा पगार सोडावा अशी अपेक्षा आपण करतो. ज्या विकारात दुखत काहीच नाही, त्यासाठी हे तो का करील? गोळ्या संपतात, महिना जातो, आणि पाच-सहा वर्षांनी तो थेट पक्षाघाताने रुग्णालयात येतो. दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी, इतर देशांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, असे बावन्न देशांच्या एका मोठ्या अभ्यासात आढळले आहे. त्रेपन्नाव्या वर्षी घराचे कर्ज फिटलेले नसते.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे या वस्तीत क्षेत्रकार्य करू इच्छितात त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक सूचना. पहिली, रक्तदाब मोजण्यापूर्वी व्यक्तीस पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसू द्यावे, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, पट्टा दंडाच्या जाडीस साजेसा असावा, आणि निदान दोन वेळा मोजणी करावी. उद्वाहन बंद असल्याने चौथ्या मजल्यावर चढून आलेल्या गृहस्थाचा पहिला आकडा नोंदवू नये. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. घरोघर जाऊन होणारी पाहणी बहुधा सोमवार ते शुक्रवार दिवसा होते. त्या वेळी घरी गृहिणी, वृद्ध आणि मुले असतात. ज्याच्यावर हा सारा लेख लिहिला तो मनुष्य त्या वेळी गाडीत किंवा कचेरीत असतो, आणि ‘घर बंद’ किंवा ‘अनुपस्थित’ या शेऱ्याखाली नमुन्यातून गळून जातो. पाहणी रविवारी सकाळी करावी, किंवा रात्री साडेआठनंतर. प्रश्नावलीत सध्याच्या पत्त्याच्या खाली जन्मगाव, गाव सोडतानाचे वय आणि गावी राहिलेल्या भावंडांची संख्या असे तीन रकाने जोडावेत. शक्य झाल्यास त्यांतील एका तरी भावंडाची कंबर व रक्तदाब गणपतीच्या किंवा शिमग्याच्या सुटीत, जेव्हा निम्मी डोंबिवली कोकणात उतरलेली असते, त्याच फितीने आणि त्याच यंत्राने मोजून घ्यावा.